उपग्रहांनी मोजलेले पाणी सोलापुरातून वाचताना : ग्रेस-फॉलो-ऑन माहितीसेवेचे परीक्षण

सोलापूर जिल्ह्यातील गावांच्या पाण्याचा ताळेबंद मांडताना मी गेली चार वर्षे ज्या माहितीसेवेचा नियमित उपयोग करत आलो आहे, तिचे हे परीक्षण आहे. अमेरिकेची नासा आणि जर्मनीतील जीएफझेड ही भूविज्ञान संस्था यांच्या ‘ग्रेस-फॉलो-ऑन’ या उपग्रहजोडीने पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण महिन्यागणिक मोजायचे, त्या मोजमापातून जमिनीवरच्या आणि जमिनीखालच्या एकूण पाण्यात किती भर पडली किंवा किती घट झाली हे काढायचे आणि ते आकडे जगातल्या कोणालाही विनामूल्य खुले करायचे, असे या सेवेचे स्वरूप आहे. मी शास्त्रज्ञ नाही. भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि आता पाण्यावर काम करणाऱ्या एका लहान गटाबरोबर गावोगाव जातो. त्यामुळे ही सेवा मला ग्रामसभेत उभे राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देताना जशी दिसली, तशीच मी येथे मांडणार आहे.

मोजण्याची पद्धत समजल्याशिवाय या सेवेचे गुणही कळत नाहीत आणि मर्यादाही कळत नाहीत, म्हणून ती आधी सांगतो. छायाचित्रे काढणारे उपग्रह जमिनीकडे पाहतात. हे दोन उपग्रह एकमेकांकडे पाहतात. सुमारे ४९० किलोमीटर उंचीवरून, ध्रुवांवरून जाणाऱ्या एकाच कक्षेत, ते एकामागे एक असे फिरतात. त्यांच्यातील अंतर सुमारे २२० किलोमीटर असते, म्हणजे सोलापूर ते पुणे या सरळ रेषेतील अंतरापेक्षा थोडे कमी. पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ आला की त्या प्रदेशाची ओढ त्याला आधी जाणवते, तो किंचित पुढे खेचला जातो आणि दोघांमधील अंतर वाढते. सुमारे अर्ध्या मिनिटाने मागचा उपग्रह त्याच ठिकाणी येतो, तेव्हा तीच ओढ मागच्याला पुढे आणि पुढे निघून गेलेल्याला मागे खेचते, आणि वाढलेले अंतर पुन्हा कमी होते. हा फरक सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो. माणसाच्या केसाची जाडी याच्या सत्तर-ऐंशी पट असते, हे लक्षात घेतले तर सोलापूर-पुण्याएवढ्या अंतरात एवढी सूक्ष्म मोजणी करणे ही केवढी गोष्ट आहे याची कल्पना येते. फॉलो-ऑनवर याखेरीज प्रयोग म्हणून लेसरने अंतर मोजणारे उपकरणही बसवलेले आहे आणि ते सूक्ष्मलहरींपेक्षाही अधिक अचूक ठरले आहे.

डोंगर, कातळ आणि पृथ्वीच्या पोटातील जड थर महिन्याभरात जागचे हलत नाहीत. हलते ते मुख्यतः पाणी, बर्फ, हवा आणि समुद्र. वातावरणाचा आणि भरती-ओहोटीचा भाग गणिताने वेगळा काढला जातो, विरळ हवेचा उपग्रहाला होणारा अडथळा त्याच्या पोटातील त्वरणमापक (वेगातील बदल टिपणारे उपकरण) मोजतो, आणि या सर्व वजावटीनंतर जमिनीच्या बाबतीत जे उरते तो पाण्याचा बदल मानला जातो. यात धरणातले पाणी आले, ओढ्यातले आले, काळ्या जमिनीने धरून ठेवलेली ओल आली आणि विहिरीचे व बोअरचे पाणीही आले. पाऊसमापक फक्त पाऊस मोजतो, धरणावरची पट्टी फक्त धरण मोजते आणि निरीक्षण विहीर फक्त त्या विहिरीचे पाणी मोजते. या सगळ्यांची एकत्र बेरीज थेट वजनाने करणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि या सेवेचे खरे मोल तिथेच आहे.

आकडे मिळवण्याची सोय एकंदरीत चांगली आहे. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर नकाशातील एखादा भाग निवडला, की २००२ पासूनचा मासिक आलेख समोर येतो; त्यातील २०१७ पर्यंतचा भाग याआधीच्या ‘ग्रेस’ या उपग्रहजोडीचा आहे. तेवढ्यावर समाधान नसेल, तर विनामूल्य नोंदणी करून मूळ माहिती उतरवून घेता येते. ती नेटसीडीएफ नावाच्या स्वरूपात असते आणि पॅनोप्ली किंवा क्यूजीआयएस या विनामूल्य संगणक प्रणालींत उघडते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र याच मोजमापांवरून स्वतःचा वेगळा हिशेब प्रसिद्ध करते, आणि जीएफझेडचे ‘ग्रॅव्हिस’ हे संकेतस्थळ मोठ्या नदीखोऱ्यांच्या सरासऱ्या तयार करून देते. तीन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून पाहण्याची मुभा असणे ही मला या सेवेची मोठी प्रामाणिक बाजू वाटते, कारण जिथे तिघांचे एकमत असते तिथे आपण निश्चिंतपणे बोलू शकतो आणि जिथे नसते तिथे थांबायचे असते.

नवख्या माणसाची पहिली फसगत शून्याच्या रेषेवर होते. आलेखातील शून्य म्हणजे कोरडी जमीन नव्हे. २००४ ते २००९ या सहा वर्षांची सरासरी शून्य धरलेली आहे आणि प्रत्येक महिन्याचा आकडा त्या सरासरीपेक्षा किती सेंटीमीटर पाणी जास्त किंवा कमी, एवढेच सांगतो. आपल्याकडे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे म्हणतात, तेव्हा धरणाचा उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरले असा त्याचा अर्थ असतो. उपग्रहाच्या आलेखातील उणे आकड्याचा तसा अर्थ नाही. मोहोळ तालुक्यातील एका बैठकीत हे दोन उणे लोकांच्या मनात एकमेकांत मिसळले आणि पाऊण तास त्याच गोंधळात गेला. तेव्हापासून मी आलेख दाखवण्याआधी शून्याचा अर्थ फळ्यावर लिहितो.

आता ज्या कारणासाठी हे परीक्षण लिहावेसे वाटले त्या मुद्द्याकडे येतो. गेल्या उन्हाळ्यात सांगोला तालुक्यातील एक डाळिंब बागायतदार, ज्यांना गावात सगळे तात्या म्हणतात, एक गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल घेऊन माझ्याकडे आले. एका खासगी सल्लागाराने त्यांच्याकडून पैसे घेऊन तो दिला होता. ‘गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांच्या आधारे’ त्यांच्या जमिनीच्या गटात कोणत्या कोपऱ्यात पाणी आहे हे त्यात निळ्या ठिपक्याने दाखवले होते. त्या जागेवर घेतलेली बोअर कोरडी गेली होती. तात्या म्हणाले, “सर, उपग्रहाला वरनं सगळं दिसतंय म्हणत्यात. मग माझ्याच बोअरला फुफाटा का निघाला?” आपल्याकडे बोअरची जागा ठरवायला पाणाड्याला बोलावण्याची रीत आहे. पाणाड्याचे शब्द खोटे ठरले तर माणूस त्याला जाब तरी विचारू शकतो. अमेरिकेच्या उपग्रहाचे नाव पुढे केले की शेतकरी प्रश्न विचारायलाही कचरतो. म्हणून या सेवेच्या बाबतीत हे कोणीतरी मराठीत स्पष्ट लिहिले पाहिजे, की ग्रेस-फॉलो-ऑनच्या माहितीवरून बोअरची जागा ठरवता येत नाही. ही माहिती एका शेताची नाही, गावाची नाही, तालुक्याची नाही आणि खरे पाहता एकट्या जिल्ह्याचीही नाही.

याचे कारण पद्धतीतच आहे. ४९० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाला खालच्या ओढीतील बारकावे वेगवेगळे जाणवत नाहीत. साधारण ३०० किलोमीटर रुंदीच्या प्रदेशाची एकत्रित ओढ जाणवते. जेपीएलच्या हिशेबात संपूर्ण पृथ्वी ४,५५१ समान क्षेत्रफळाच्या तुकड्यांत विभागलेली आहे आणि पृथ्वीच्या क्षेत्रफळाला या संख्येने भागले, तर एक तुकडा सुमारे १ लाख १२ हजार चौरस किलोमीटरचा येतो. आपला जिल्हा अदमासे १५ हजार चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे असे सात-साडेसात जिल्हे मिळून एक आकडा तयार होतो. मात्र ही माहिती प्रसिद्ध करताना ती अर्ध्या अंशाच्या चौकटींत मांडलेली असते, आणि अर्ध्या अंशाची चौकट आपल्या अक्षांशावर साधारण ५५ किलोमीटर लांबी-रुंदीची होते. नकाशात ती पाहिली की एखाद्या-दोन तालुक्यांएवढी दिसते आणि पाहणारा सहज समजतो, की हा सांगोल्याचा आकडा आणि तो बार्शीचा. वस्तुतः शेजारशेजारच्या अनेक चौकटींमागे मोजलेला आकडा एकच असतो. प्रत्येक चौकटीचा आकडा कमी-जास्त करण्यासाठी सोबत दिलेले गुणक वापरले, तर चौकटींचे आकडे वेगवेगळे होतात खरे. पण तो फरक संगणकातील जलप्रतिमानावरून (पाण्याचा अंदाज बांधणाऱ्या गणिती नमुन्यावरून) आलेला असतो, उपग्रहाने मोजलेला नसतो. माहितीच्या मार्गदर्शिकेत हे लिहिलेले आहे, परंतु नकाशा उघडणारा प्रत्येक जण मार्गदर्शिका वाचत नाही. या चौकटी इतक्या बारीक दाखवू नयेत, किंवा निदान नकाशावरच ठळक सूचना द्यावी, ही माझी या सेवेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे.

आपल्या ओळखीच्या पाण्यावर हिशेब केला, की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ३.३ घन किलोमीटर. हे सगळे पाणी जेपीएलच्या वर सांगितलेल्या एका तुकड्यावर सारखे पसरले, तर त्याची जाडी सुमारे ३ सेंटीमीटर भरते. उजनीचा उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसीच्या आसपास आहे. त्याची जाडी दीड सेंटीमीटरही होत नाही. या मोजमापातील चूक एवढ्या क्षेत्रासाठी सुमारे २ सेंटीमीटरची धरली जाते. म्हणजे ज्या उजनीच्या टक्केवारीवर अख्ख्या जिल्ह्याचा ऊस, पंढरपूरच्या वारीतले पाणी आणि सोलापूर शहराचा नळ अवलंबून असतो, तिचा उपयुक्त साठा पूर्ण भरला किंवा पूर्ण रिता झाला, तरी तेवढ्याने उपग्रहाचा आकडा त्याच्या स्वतःच्या चुकीच्या मर्यादेबाहेर जात नाही. त्यातच सोलापूरच्या जवळजवळ सरळ दक्षिणेला सुमारे १५० किलोमीटरवर कर्नाटकातील आलमट्टी धरण आहे, त्याची क्षमता सुमारे १२३ टीएमसी. दोन्ही धरणे बहुधा एकाच पावसाळ्यात भरतात, आणि उपग्रहाला त्यातले कोणते किती भरले हे सांगता येत नाही.

विहिरींचा हिशेब याहून बोलका आहे. आपल्या काळ्या कातळात पाणी साठते ते मुरमात आणि भेगांत; भिजलेल्या खडकाच्या एकूण आकारमानापैकी उपसता येण्याजोगे पाणी साधारण १ ते ३ टक्केच असते. २ टक्के धरू. संपूर्ण सोलापूर जिल्ह्यातील विहिरींची पातळी सरसकट २ मीटरने खाली गेली, तर जिल्ह्यावर ४ सेंटीमीटर जाडीचे पाणी कमी झाले, म्हणजे ०.६ घन किलोमीटर. तेच एका तुकड्यावर पसरले, तर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. दोन मीटर पाणी खाली जाणे म्हणजे काय, हे मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या दोन मीटरमध्ये कित्येक मोटारी बंद पडतात. अवकाशातून ते जाणवत नाही, आणि यात उपग्रहाचा दोष नाही. तराजू धान्याच्या गोदामासाठी बनवला आहे आणि आपण त्यावर मूठभर ज्वारी ठेवत आहोत.

आणखी एक अडचण खास आपल्या प्रदेशाची आहे आणि ती मला पहिली दोन वर्षे लक्षात आली नव्हती. सह्याद्रीवर मुख्य पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये पडतो. पर्जन्यछायेतल्या सोलापूरला सप्टेंबरच्या पावसाची, त्यातही परतीच्या पावसाची, वाट पाहावी लागते. उजनीसुद्धा आपल्या पावसावर भरत नाही. भीमा, घोड, मुळा-मुठा यांनी पुणे जिल्ह्याकडून आणलेल्या पाण्यावर ती भरते. त्यामुळे ऑगस्टचा उपग्रही आकडा चढता दिसतो, नकाशात आपल्यावर निळा रंग येतो आणि त्याच महिन्यात सांगोल्यातील विहिरीचा तळ उघडा असतो. पश्चिमेकडील जड पाण्याची ओढ शेजारच्या भागाच्या आकड्यात उतरते, याला अभ्यासक ‘गळती’ म्हणतात आणि ती कमी करण्यासाठी गणिती उपाय केले जातात. ती पूर्णपणे नाहीशी होत नाही. ऑगस्टच्या आकड्यावरून सोलापूरविषयी काहीही बोलायचे नाही, असा नियम मी स्वतःपुरता करून घेतला आहे.

इतक्या मर्यादा सांगितल्यावर ही सेवा मी वापरतो तरी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. याचे उत्तर मोठ्या प्रदेशाच्या दीर्घकालीन हिशेबात आहे, आणि तिथे हिची बरोबरी दुसरे काहीही करू शकत नाही. २००९ मध्ये रोडेल, वेलिकोग्ना आणि फॅमिग्लिएटी या तीन संशोधकांनी पहिल्या ग्रेस उपग्रहजोडीच्या आकड्यांवरून राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातील भूजलाचा अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात तेथील भूजल दर वर्षी सरासरी ४ सेंटीमीटर जाडीने, म्हणजे सुमारे १७.७ घन किलोमीटरने घटत होते आणि या काळातील एकूण तूट १०९ घन किलोमीटर होती, असे त्यांनी दाखवले. त्या वर्षांत पावसाची मोठी तूट नव्हती. पाणी शेतीसाठी उपसले जात होते. १०९ घन किलोमीटर म्हणजे काठोकाठ भरलेल्या ३३ उजनी. विहिरींच्या नोंदी विखुरलेल्या होत्या, प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा होता, आणि एवढी प्रचंड घट एका आकड्यात मांडण्याचे काम शेकडो किलोमीटर वरून फिरणाऱ्या दोन यंत्रांनी केले. भूगोलाचा शिक्षक म्हणून मला आजही या गोष्टीचे नवल वाटते.

आपल्या दख्खनच्या बाबतीत मात्र हाच आलेख वेगळ्या डोळ्यांनी वाचावा लागतो. पंजाबखाली गाळाचे खोल थर आहेत. तेथे पाणी वर्षानुवर्षे उपसता येते आणि उपशाची तूट वर्षागणिक साठत जाते, म्हणून तेथील रेषा एकसारखी उतरते. आपल्या काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची, साठवण उथळ आहे. चांगल्या पावसाळ्यात ती भरते आणि मार्च-एप्रिलपर्यंत रिकामी होते. त्यामुळे आपल्याकडची रेषा दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास वर आणि मे-जूनच्या सुमारास खाली, अशी मोठ्या लाटांत चालते आणि दीर्घकालीन उतार पंजाबसारखा ठळक दिसत नाही. हे पाहून ‘आपल्याकडे भूजल घटत नाही’ असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. तो निष्कर्ष चुकीचा आहे. ज्याच्या घरात कणगीच लहान आहे, त्याचे धान्य वर्षानुवर्षे घटत नाही. ते दर वर्षी उन्हाळ्याआधी संपते. आपला प्रश्न त्या संपण्याच्या महिन्याचा आहे, आणि तो महिना पुढे-मागे किती सरकतो हे पाहायला लाटेचा उतार कोणत्या महिन्यात सुरू झाला आणि किती वेगाने झाला, हे वाचावे लागते. अख्ख्या कृष्णा खोऱ्याचे, म्हणजे सुमारे २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचे आकडे घेतले, तर हा उतार पुरेसा विश्वासार्ह मिळतो. त्याच्याशी आपल्या तालुक्यातील विहिरी ताडून पाहिल्या, तर आपण खोऱ्याच्या सरासरीपेक्षा आधी कोरडे पडतो की नंतर, हे कळते. मी या सेवेचा सर्वांत जास्त उपयोग यासाठी करतो.

एकूण पाण्यातून फक्त भूजल वेगळे काढणे शक्य आहे, पण ते काम सावधपणे करावे लागते. एकूण बदलातून मातीच्या ओलीचा आणि धरणांचा बदल वजा करायचा, उरले ते भूजल. मातीच्या ओलीचा आकडा मोजलेला नसतो. तो संगणकावरील प्रतिमानातून येतो आणि त्याची चूक वजाबाकीत भूजलावर चढते. म्हणून मी हे एका महिन्यासाठी कधीच करत नाही. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. त्याच चार महिन्यांचे उपग्रही आकडे शेजारी ठेवून अनेक वर्षांची तुलना केली, तर काही अर्थ निघतो.

नासाच्या गॉडार्ड केंद्राने याच उपग्रहांच्या मोजमापांना प्रतिमानाची जोड देऊन दुष्काळाचे साप्ताहिक नकाशे तयार केले आहेत. त्यात वरच्या थरातील ओल, मुळांच्या थरातील ओल आणि भूजल असे तीन नकाशे मिळतात आणि ते मूळ माहितीपेक्षा पुष्कळ बारीक असतात. दिसायला ते अतिशय उपयुक्त वाटतात. तथापि ही बारीकी पाऊस, माती आणि हवामान यांच्या हिशेबातून आलेली आहे, आणि त्या हिशेबाला आपल्या बोअरचा उपसा ठाऊक नसतो. ज्या जिल्ह्यात उसाच्या आणि डाळिंबाच्या पाण्याचा मोठा भाग जमिनीखालून येतो, तिथे ही उणीव लहान नाही. ओलीच्या नकाशांचा पेरणीच्या चर्चेत मला उपयोग झाला. भूजलाच्या नकाशावर मी विसंबत नाही.

सलगतेच्या बाबतीत या सेवेला पूर्ण गुण देता येत नाहीत. पहिली ग्रेस उपग्रहजोडी १७ मार्च २००२ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून सोडली गेली आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक काळ, पंधरा वर्षे, चालली. शेवटच्या वर्षांत तिच्या बॅटऱ्या थकल्या होत्या, त्यामुळे २०११ पासून मधूनमधून एखादा महिना गाळलेला दिसतो. २०१७ च्या मध्यावर तिची मोजणी थांबली. फॉलो-ऑन २२ मे २०१८ रोजी कॅलिफोर्नियातून गेली. जुलै २०१७ ते मे २०१८ हे अकरा महिने पूर्ण कोरे आहेत आणि त्यानंतर उपकरणातील बिघाडामुळे ऑगस्ट व सप्टेंबर २०१८ हेही कोरे आहेत. आपल्या जिल्ह्याने २०१८ चा दुष्काळ सोसला आहे. त्या दुष्काळाच्या आधीचा पावसाळा आणि त्या वर्षीचा ऐन पावसाळा, दोन्ही या नोंदवहीत अपुरे आहेत, आणि हे नुकसान कोणत्याही गणिताने पुरते भरून येणारे नाही. काही जण आलेखात ही जागा सरळ रेघेने जोडतात. तसे करू नये. पोकळी पोकळीसारखीच दाखवावी. फॉलो-ऑनच्या एका उपग्रहाचा त्वरणमापक अपेक्षेप्रमाणे चालत नसल्याने त्याच्यासाठी दुसऱ्या उपग्रहाच्या नोंदी जुळवून वापरल्या जातात, हीही गोष्ट वापरणाऱ्याला माहीत असावी. पुढची उपग्रहजोडी, ग्रेस-सी, २०२८ मध्ये सोडण्याचे नियोजन आहे. तोपर्यंत सध्याची जोडी टिकावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या उपग्रहांचा दुसरा एक प्रकार आहे, त्याचा येथे थोडक्यात उल्लेख करतो. युरोपीय अवकाश संस्थेचा ‘गोचे’ हा उपग्रह मार्च २००९ ते नोव्हेंबर २०१३ या काळात सुमारे २५५ किलोमीटर इतक्या कमी उंचीवरून फिरला. महिन्यागणिक बदल टिपणे हे त्याचे काम नव्हते. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचे कायमचे, स्थिर चित्र त्याने बारकाईने काढले. ते आकडे जीएफझेडच्या ‘आयसीजेम’ या सेवेत विनामूल्य मिळतात आणि समुद्रसपाटीची खरी पातळी कुठे किती वर-खाली आहे हे त्यातून काढता येते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ही पातळी पृथ्वीच्या गणिताने ठरवलेल्या आदर्श आकारापेक्षा, म्हणजे लंबगोलापेक्षा, १०० मीटरहून अधिक खाली आहे आणि तो उतार आपल्यापर्यंत पोहोचतो. सोलापुरात ती सुमारे ७० मीटर खाली आहे. म्हणूनच पाणलोटाच्या कामात साध्या जीपीएस यंत्रावरची लंबगोलापासूनची उंची आणि सर्वेक्षणाच्या खुणेवरची समुद्रसपाटीपासूनची उंची जुळत नाही. शेततळ्यांची आखणी करणाऱ्या मुलांना हे सांगितल्यावर त्यांचा एक जुना घोळ सुटला.

वापराच्या सोयीबद्दल दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे विलंब. जूनचा आकडा हाती यायला साधारण दोन महिने लागतात, त्यामुळे टँकर कधी मागवायचा, आवर्तन कधी सोडायचे, यांसारख्या निर्णयांना या सेवेचा काही उपयोग नाही. दुसरी गोष्ट भाषेची. सगळी माहिती इंग्रजीत आहे आणि ती पदवीधर माणसालाही एका बैठकीत समजेल अशी नाही. प्रत्येक आकड्याबरोबर त्याची संभाव्य चूक दिलेली असते, ही अत्यंत चांगली बाब आहे, परंतु ती वेगळ्या रकान्यात असते आणि तयार नकाशात दिसत नाही. गावात दाखवण्यासाठी मी आलेख हाताने काढतो, मराठीत नावे लिहितो आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना चुकीचा पट्टा फिक्या रंगाने भरतो. पट्टा पाहिला की लोक योग्य प्रश्न विचारतात. उत्तर सोलापुरातील एका गावात एका आजींनी विचारले होते, “ह्या फिक्या रंगाच्या आत काय झालं ते त्यांना बी ठाव न्हाई, असंच ना?” माझ्या चार वर्षांच्या समजावण्यात इतके नेमके वाक्य मला सुचले नव्हते.

महाविद्यालयातील भूगोल आणि भूशास्त्राच्या विभागांनी, खोऱ्याच्या पातळीवर पाण्याचे नियोजन करणाऱ्यांनी आणि पाण्याविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांनी ही सेवा अवश्य वापरावी. गावाचा ताळेबंद मांडणाऱ्याने तिच्याकडे संदर्भ म्हणून पाहावे आणि आपला हिशेब पाऊसमापक, विहीर आणि पिकाचे क्षेत्र यांवरच उभा करावा. बोअर घेणाऱ्याने तिच्यासाठी एक रुपयाही कोणाला देऊ नये, कारण मूळ सेवा विनामूल्य आहे आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नाही.

तात्यांना मी हे सर्व त्यांच्या ओसरीवर बसून समजावून सांगितले. त्यांचे पैसे परत मिळाले नाहीत. त्यांच्या जुन्या विहिरीच्या कठड्यावर आम्ही रंगाने एक खूण केली आणि तेव्हापासून ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळी मोटार चालू करण्याआधी, दोरीला दगड बांधून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजतात आणि वहीत लिहितात. आतापर्यंत अकरा नोंदी झाल्या आहेत. खोऱ्याच्या आलेखाशी त्या ताडून पाहण्यासाठी निदान दोन पावसाळे जाऊ द्यावे लागतील, असे मी त्यांना सांगितले आहे, आणि शेजारच्या दोन वस्त्यांवरील विहिरींवरही खुणा करायच्या का, असे त्यांनी मला परवा फोनवर विचारले.